‘सोळा कोअर, सोळा पट बुद्धिबळ’ या चौकटीबद्दल

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बुद्धिबळाच्या इंजिनांवर लेख आला होता तो वाचला. लेख तसा छान आहे, दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैमध्ये बाटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकल्यापासून आपल्याकडे गल्लीगल्लीत पोरं पट मांडून बसलीत आणि त्यांच्या आईबापांना हे इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, हे प्रकरण काय असतं ते कोणीतरी सांगायलाच हवं होतं. पण लेखाच्या शेजारी ती जी पिवळी चौकट होती ना, “सोळा कोअरचा कॉम्प्युटर एका कोअरच्या सोळा पट चांगलं बुद्धिबळ खेळतो”, ती वाचून हातातला चहा खाली ठेवला. (कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आत स्वतंत्रपणे हिशोब करणारा एकेक भाग.) त्यात आमच्या शेजारच्या ताई दुसऱ्याच दिवशी ते कात्रण घेऊन दारात उभ्या, पोरगा सातवीत, दुकानदारानेही त्यांना नेमकं हेच सांगितलेलं, आता हप्त्यावर महागातला लॅपटॉप घ्यायचा का म्हणून विचारायला आलेल्या. म्हटलं एकीला तोंडी सांगण्यापेक्षा तुम्हालाच लिहावं, लांबलं तर कात्री लावा.

मी काही मोठा तज्ज्ञ वगैरे नाही. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये पंचवीसेक वर्षं गेली आणि रात्री जेवण झाल्यावर हौस म्हणून एक बुद्धिबळाचं इंजिन लिहीत बसतो. ते मला हरवतं, एवढीच त्याची कीर्ती. पण त्याला एकाच्या जागी चार कोअर वापरायला शिकवताना माझी जी दोन वर्षं गेली त्यातून एक गोष्ट पक्की कळली, की बुद्धिबळाचा विचार हे काम मजूर वाढवले की पटपट उरकेल असं कामच नाही. भिंत रंगवायची तर चार रंगारी लावा, चार पट लवकर होईल. इथे तसं होत नाही, आणि का होत नाही ते खरं मजेचं आहे.

समजा एखाद्या स्थितीत साधारण ३५ चाली शक्य आहेत. आपण दोन आणि समोरचा दोन अशा चार चाली पुढचं बघायचं तर ३५ गुणिले ३५ गुणिले ३५ गुणिले ३५, म्हणजे १५ लाखांच्या वर शेवटच्या स्थिती तपासाव्या लागतील. पण इंजिन एवढं बघतच नाही. ते अल्फा-बीटा नावाची युक्ती वापरतं. पहिली चाल नीट तपासली, तिच्यातून समजा पाव प्याद्याचा फायदा निघाला. आता दुसरी चाल तपासताना समोरच्याचं एक जरी उत्तर असं सापडलं की आपला एक घोडा जातोय, तर बाकीची ३४ उत्तरं बघायची गरजच काय, ती चाल बाद, पुढे चला. चाली चांगल्या क्रमाने तपासल्या तर त्या १५ लाखांचं काम २४४९ स्थितींत भागतं. हो, दोन हजार चारशे एकोणपन्नास. क्नुथ आणि मूर यांनी १९७५ मध्ये हे गणित नीट मांडून ठेवलंय, तुम्ही कॅल्क्युलेटरवर करून बघा, ३५ चा वर्ग अधिक ३५ चा वर्ग वजा एक.

आता ग्यानबाची मेख इथेच आहे. ही सगळी बचत कशावर उभी आहे, तर पहिल्या चालीचं उत्तर आधी हातात असण्यावर. तुम्ही चार कोअरना पहिल्या चार चाली एकदम वाटून दिल्या तर उरलेल्या तिघांकडे तो पाव प्याद्याचा आकडाच नाही, ते बिचारे घोडा जाणारी चालसुद्धा मुळापासून खणत बसतात. कोअर चारही शंभर टक्के चालू, पंखा भणभणतोय, सेकंदाला तपासलेल्या स्थितींचा आकडा चौपट दिसतोय, आणि त्यातलं निम्मंअर्धं काम असं की जे एकट्या कोअरने केलंच नसतं. दुकानदार जो आकडा दाखवतो तो हाच. माझं पहिलं व्हर्जन अगदी असंच होतं, चाली वाटून टाकल्या आणि खूश झालो, आणि मग तेवढ्याच खोलीला, म्हणजे तेवढ्याच चाली पुढपर्यंत, पोचायला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजला तर चार कोअरवर दीडपटीच्या वर काही जाईना. त्या रात्री बायकोला म्हटलं चार माणसं कामाला लावली आणि तिघं फाईलीच हलवतायत, ती म्हणाली मग सरकारी नोकरी का नाही केलीस.

यावर लोकांनी गेल्या चाळीसेक वर्षांत काय काय केलं ते तुमच्या लेखात एका ओळीतही नाही म्हणून थोडं सांगतो. सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे जर्मनीत पाडरबॉर्नला राइनर फेल्डमान आणि मंडळींनी काढलेला, त्याचं नावच मुळी असं आहे की धाकट्या भावांनी थांबायचं. आपल्याकडे पंगतीत थोरल्यांची पानं वाढल्याशिवाय पोरांनी हात घालायचा नाही तसं. कुठल्याही स्थितीत पहिली चाल, म्हणजे थोरला भाऊ, एकाने पूर्ण तपासायची, तिचा आकडा हातात आला की मगच बाकीच्या चाली रिकाम्या कोअरना वाटायच्या. फुकटचं काम यात खूपच कमी होतं. त्यांचं त्सुगत्स्वांग नावाचं इंजिन ट्रान्सप्युटरच्या, म्हणजे एकमेकांना जोडायला बनवलेल्या चिप्सच्या, जाळ्यावर चालायचं, आणि इथे पुणेकर म्हणून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही, आपल्या सी-डॅकने १९९१ मध्ये जो परम ८००० सुपरकॉम्प्युटर बनवला तोही ट्रान्सप्युटरचाच, इनमॉसच्या टी८०० चा. प्रत्येक चिपला स्वतःची मेमरी आणि शेजाऱ्याशी बोलायला चार वायरी, सामायिक असं काहीच नाही, म्हणजे एकाला सापडलेली गोष्ट दुसऱ्याला पाहिजे तर निरोप पाठवावा लागायचा. आजच्या लॅपटॉपवर सगळे कोअर एकाच मेमरीत डोकावतात, तेव्हा आपण फारच लाडावलेलो आहोत.

या धाकट्या भावांच्या आधीचा प्रकार असा होता की फक्त मुख्य ओळीवर, म्हणजे सगळ्यात चांगल्या वाटणाऱ्या चालींच्या साखळीवरच, काम वाटायचं. सोपं होतं पण त्यात खोळंबा फार. एक चाल अवघड निघाली की तिला घेऊन बसलेला कोअर एकटा घाम गाळतोय आणि बाकी सगळे काम संपवून जांभया देतायत, एकाचं जेवण आटपत नाही म्हणून अख्खी पंगत उठत नाही असं. रॉबर्ट हायट यांचं क्रे सुपरकॉम्प्युटरवर चालणारं क्रे ब्लिट्झ हे इंजिन, जे १९८३ आणि १९८६ ची कॉम्प्युटरची विश्वस्पर्धा जिंकलं, त्यात पुढे त्यांनी असं केलं की रिकामा प्रोसेसर बसून राहायचा नाही, दुसरा कोणी जिथे अडकलाय तिथे, चाली आणि त्यांच्या उत्तरांच्या झाडाच्या कुठल्याही फांदीवर, जाऊन त्याला हात लावायचा. हे लिहायला अतिशय किचकट आहे, मी प्रयत्न करून सोडलं. आणि एवढं सगळं करून, क्रे सारख्या मशीनवर, हायट यांच्यासारख्या माणसाने, १६ प्रोसेसरवर किती मिळवलं? सुमारे ११ पट. हा आकडा जगात खूप चांगला मानला गेला. तुमच्या चौकटीत १६ आहेत. बघा आता.

आणि डीप ब्लू. १९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला कास्पारोव्हला साडेतीन-अडीचने हरवलं ते. आयबीएमची ३० नोड्सची, म्हणजे एकत्र जोडलेल्या ३० कॉम्प्युटरांची, मशीन, त्यात बुद्धिबळासाठीच बनवलेल्या ४८० चिप्स, सेकंदाला २० कोटींच्या आसपास स्थिती. ही मशीन बनवणाऱ्यांनीच नंतर जो लेख लिहिला त्यात आपली समांतर शोधाची कार्यक्षमता साधारण ८ ते १२ टक्क्यांच्या घरात असावी असा प्रामाणिक अंदाज देऊन टाकलाय. म्हणजे १०० चिप्स लावल्या की ८ ते १२ चिप्सचं काम मिळणार. तरी कास्पारोव्ह हरलाच, कारण ४८० च्या दहा टक्के म्हणजे पण काही कमी नाही, पण सरळ गुणाकार कुठे आहे यात?

याच्या उलटची गोष्ट मला जास्त आवडते. १९९५, हाँगकाँग, कॉम्प्युटरची विश्वस्पर्धा. एका बाजूला एमआयटीवाल्यांचं स्टारसॉक्रेटीस, इंटेलच्या पॅरागॉन नावाच्या १८२४ प्रोसेसरच्या धुडावर, आणि दुसऱ्या बाजूला फ्रिट्झ, ९० मेगाहर्ट्झच्या एका साध्या पेंटियमवर. त्यावेळी आपल्याकडे ज्यांच्याकडे पैसे होते त्यांच्या घरी असला पेंटियम येत होता. दोघांचे गुण सारखे झाले, प्लेऑफ झाला, आणि फ्रिट्झ जिंकला. (त्याच स्पर्धेत फ्रिट्झने डीप ब्लूच्या आधीच्या रूपालाही हरवलं होतं.) एका स्पर्धेवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, उद्या कोणी तसं पत्र लिहू नका, पण शेजारच्या ताईंना मी हीच गोष्ट सांगितली.

आता जरा माझ्या घरच्या भानगडी सांगतो, कारण लेख लिहिणाऱ्यांना वाटतं की मल्टिप्रोसेसर सपोर्ट टाकणं म्हणजे कुठेतरी एक बटण दाबणं. एका कोअरसाठी लिहिलेल्या इंजिनात पट एकच असतो, ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवलेला, त्याच्यावर चाल खेळायची, बघायची, मागे घ्यायची. दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे दोन धागे, आले की दोघं एकाच पटावर हात घालतात, याने हत्ती उचलला त्याने तोवर वजीर हलवला. मग प्रत्येकाला स्वतःचा पट, स्वतःची चालींची यादी, स्वतःच्या खुणा, म्हणजे अख्खं प्रोग्रॅम उसवून परत शिवायचं. यातच सहा महिने. मग सामायिक काय ठेवायचं, तर हॅश टेबल, म्हणजे एकदा तपासलेली स्थिती परत दुसऱ्या वाटेने आली तर पुन्हा तपासायला नको म्हणून ठेवलेली मोठी वही. सगळे थ्रेड याच वहीत लिहितात आणि वाचतात. एकाने अर्धी ओळ लिहिली तेवढ्यात दुसऱ्याने तिच्यावर दुसरी अर्धी लिहिली की तिसरा वाचतो ते भलतंच. माझं इंजिन एकदा रिकाम्या घरातून उंट हलवायला निघालं होतं, तीन रात्री मी चालींच्या कोडमध्ये चूक शोधत होतो आणि चूक वहीत होती.

प्रत्येक ओळीला कुलूप लावलं तर बरोबर चालतं पण वेग मरतो, सगळे कुलपाच्या दारात रांग लावून. हायट आणि टिम मान यांनी २००२ मध्ये यावर जो तोडगा मांडला तो वाचला तेव्हा मी खरंच टाळी वाजवली. दस्तऐवजाच्या दोन पानांच्या सांध्यावर अर्धा-अर्धा शिक्का मारतात बघा, एक पान बदललं की शिक्का जुळत नाही, तसं. ओळीचे दोन भाग, स्थितीची ओळखखूण आणि माहिती, तर ओळखखूण जशीच्या तशी न लिहिता माहितीशी एक्सॉर करून लिहायची (एक्सॉर म्हणजे दोन आकडे असे मिसळणं की तेच परत केलं तर मूळ आकडा निघतो). वाचताना परत एक्सॉर करायचं, दोन्ही भाग एकाच हाताचे असतील तर खूण जुळते, नसतील तर जुळत नाही आणि आपण ती ओळ सरळ सोडून द्यायची. कुलूप नाही, रांग नाही. तीनचार ओळींचा कोड. माझा उंट त्या दिवसापासून शहाणा झाला.

दुसरी भानगड आणखी क्षुल्लक. किती स्थिती तपासल्या ते मोजायला मी एकच काउंटर ठेवला होता, सगळे थ्रेड त्यात एक-एक मिळवायचे. एवढ्याशा काउंटरने वेग पार बसवला, कारण तो आकडा ज्या कोअरकडे असेल त्याच्याकडून दर वेळी दुसऱ्याने ओढून घ्यायचा, लाखो वेळा सेकंदाला. प्रत्येकाला वेगळा काउंटर दिला, शेवटी बेरीज केली, तर पुन्हा तसंच, कारण ते सगळे काउंटर मेमरीत एकमेकांना खेटून ठेवलेले आणि प्रोसेसर मेमरी ६४ बाइटच्या घासाने उचलतो, त्यामुळे ओढाताण तीच. मध्ये मोकळी जागा सोडली तेव्हा सुटलं. असल्या गोष्टी कुठल्या चौकटीत येत नाहीत.

आणि सगळ्यात वैताग म्हणजे एका थ्रेडवर इंजिन त्याच स्थितीत त्याच खोलीपर्यंत दरवेळी तेच उत्तर देतं, तेवढ्याच स्थिती मोजून. अनेक थ्रेडवर प्रत्येक वेळी वेगळं, कारण वहीत कोण आधी पोचलं ते नशिबावर. म्हणजे काल रात्री झालेली चूक आज दाखवता येत नाही. पोरांना कोचिंगला लावणाऱ्यांनी हे पण लक्षात घ्या, काल इंजिन म्हणालं घोडा मागे घे आणि आज म्हणतंय प्यादं पुढे ढकल, तर इंजिन बिघडलेलं नाही.

आता या सगळ्या हुशारीचा शेवट काय झाला ते ऐका. जगातल्या सगळ्यात ताकदवान इंजिनांपैकी एक, स्टॉकफिश, २०१५ पर्यंत ते धाकट्या भावांनी थांबायचं प्रकरणच वापरत होतं. २०१६ च्या जानेवारीत स्टॉकफिश ७ आलं आणि त्यात हे सगळं काढून टाकलेलं. त्या जागी जी पद्धत आली तिचं नाव लेझी एसएमपी, आळशी पद्धत, आणि नाव अगदी सार्थ आहे. कोणी कोणाला काम वाटायचंच नाही. सगळे थ्रेड तीच स्थिती घेऊन मुळापासून तोच शोध सुरू करतात, फक्त काहींना सांगायचं की तू एक पायरी जास्त खोल बघ. बस. मध्ये फक्त ती सामायिक वही. एकाला काही सापडलं की त्याने वहीत टाकलं, दुसरा तिथे पोचला की त्याला तयार मिळालं, तो पुढे गेला. ऐकायला खुळचट वाटतं, सोळा माणसं एकच गणित सोडवतायत. पण वेळा थोड्या मागेपुढे झाल्या की त्यांच्या वाटा आपोआप फुटतात, वही भरत जाते, कुलपं नाहीत, वाट बघणं नाही. ठरावीक खोलीला पोचायचा वेळ बघितला तर ही पद्धत फार भारी दिसत नाही, पण डाव खेळवले तर जिंकते, कारण काही फांद्या एकट्याने छाटल्या असत्या त्या इथे कोणीतरी जास्त खोल बघून ठेवलेल्या असतात. नंतर तर त्यांनी शेवटी कोणती चाल खेळायची यावर थ्रेडचं मतदानही घेतलं. आणि हे सगळं त्यांना कळलं कसं, तर जगभरच्या लोकांनी आपापले कॉम्प्युटर देऊन हजारो डाव खेळवले म्हणून, नुसत्या विचाराने नाही. मी माझ्या इंजिनातून दीड वर्षाचं काम एका शनिवारी डिलीट केलं आणि संध्याकाळपर्यंत आळशी पद्धत चालू झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण चार कोअरवर ती माझ्या सगळ्या हुशारीपेक्षा बरी निघाली.

तुमच्या लेखात अल्फाझिरोचं, म्हणजे न्यूरल नेटवर्कवर चालणाऱ्या इंजिनाचं, नाव आहे आणि त्याच दमात स्टॉकफिशचं, जणू दोघांना कोअर सारखेच कामी येतात. तसं नाही. अल्फाझिरो आणि त्याच धर्तीचं लीला नावाचं इंजिन यांचा शोध वेगळ्या जातीचा, तिथे एक थ्रेड एका फांदीवर गेला की तो परत येईपर्यंत ती फांदी जणू हरल्यासारखी खोटीच धरायची, म्हणजे बाकीचे दुसरीकडे पांगतात. त्यांची सगळी भिस्त न्यूरल नेटवर्क चालवणाऱ्या जीपीयूवर (ग्राफिक्सच्या चिपवर) किंवा तसल्याच खास चिपवर, प्रोसेसरचे कोअर वाढवून लीला फारशी वाढत नाही. २०१७ च्या डिसेंबरमध्ये अल्फाझिरो आणि स्टॉकफिशचे १०० डाव जाहीर झाले त्यात स्टॉकफिशला ६४ थ्रेड दिले होते पण वही मात्र फक्त १ जीबीची, यावर तेव्हा भरपूर आरडाओरडा झाला, आणि वर सांगितलेलं वाचलं असेल तर तो का झाला ते तुमच्या लक्षात येईल. ६४ जण एका छोट्याशा वहीत लिहितायत, एकाचं लिहिलेलं दुसरा खोडतोय.

तर शेजारच्या ताईंना मी काय सांगितलं ते तुमच्या बाकीच्या वाचकांसाठी. घरात आहे तो लॅपटॉप पुरे. साध्या मोबाईलवर एका कोअरवर चालणारं स्टॉकफिशसुद्धा आज जगातल्या कुठल्याही माणसाला हरवतं, सातवीतल्या पोराच्या डावातली चूक शोधायला त्याला क्षणभर लागतो. सेटिंगमध्ये थ्रेड असतात तिथे आहेत तेवढे सगळे देऊ नका, एखाददुसरा बाकीच्या कामाला ठेवा, नाहीतर व्हिडिओ अडकतो आणि पोरगं इंजिन बंद करून तेच बघत बसतं. टास्क मॅनेजरमध्ये १६ दिसतात म्हणून आत १६ कोअर असतीलच असं नाही, ८ च असून प्रत्येकाचे दोन-दोन दिसत असतील. सगळे एकदम जुंपले की लॅपटॉप तापतो आणि स्वतःच वेग उतरवतो. हॅश, म्हणजे ती वही, मात्र बऱ्याच ठिकाणी १६ एमबीवरच ठेवलेलं असतं ते वाढवा, लांब विश्लेषणाला त्याचा उपयोग होतो आणि त्याला एक रुपया लागत नाही. वाचलेल्या पैशात पोराला दोनचार स्पर्धांना पाठवा, सांगलीला पाठवा, तिथे बुद्धिबळ अजून माणसं माणसांशी खेळतात.

ताईंनी लॅपटॉप घेतला नाही. त्यांच्या यजमानांनी मात्र तुमची ती पिवळी चौकट फ्रिजला चिकटवून ठेवलीय, आणि मी काही बोललो की तिच्याकडे बोट दाखवतात, म्हणतात पेपरात छापून आलंय. तेव्हा कृपा करून पुढच्या रविवारी तेवढ्याच आकाराची, शक्यतो पिवळीच, दुरुस्ती छापा.

आपला,
एक जुना वाचक
कोथरूड, पुणे